चंद्रावर यान मुद्दाम आपटायचं, ही आयडिया आली कुठून?

धडधाकट यान चंद्रावर नेऊन आपटायचं म्हटलं की जीव हळहळतो, पण ही पद्धत चंद्रमोहिमांइतकीच जुनी आहे. सुरुवातीला तर दुसरा मार्गच नव्हता, कारण चंद्रावर हवा नाही म्हणजे पॅराशूट बिनकामाचं, आणि इंजिन उलटं पेटवून अलगद उतरणं तेव्हा कुणालाच जमलेलं नव्हतं. सप्टेंबर 1959 मध्ये सोव्हिएत युनियनचं लुना 2 सरळ जाऊन आदळलं, चंद्रावर पोचलेली माणसाच्या हातची पहिली वस्तू, आणि जाता जाता चंद्राला पृथ्वीसारखं चुंबकीय क्षेत्र नाही हेही कळवून गेलं. मग अमेरिकेची रेंजर यानं. पहिली सहा फसली, त्यातलं सहावं तर बरोब्बर चंद्रावर जाऊन आदळलं पण कॅमेऱ्यांनी एकही फोटो पाठवला नाही! जुलै 1964 ला रेंजर 7 ने मात्र आदळेपर्यंत 4,300 च्या वर फोटो पाठवले.

खरी गंमत अपोलोच्या वेळी झाली. अपोलो 12 च्या लोकांनी चंद्रावर भूकंपमापक ठेवला होता, परत निघताना त्यांनी रिकामं झालेलं लँडर चंद्रावर पाडलं, तर त्या दणक्याची थरथर जवळपास तासभर चालली. पृथ्वीवर असं होत नाही, चंद्राचा वरचा थर कोरडा आणि भेगाळलेला, त्यामुळे लाटा त्यातच घुमत राहतात. वजन माहीत, वेग माहीत, जागा आणि वेळ माहीत, असा ठरवून केलेला भूकंप शास्त्रज्ञांना दुसरीकडून कुठून मिळणार? म्हणून पुढच्या अपोलोंमध्ये रॉकेटचे टप्पेसुद्धा तिथेच पाडले.

नंतर प्रश्न बदलला, पाणी आहे का? नासाच्या लुनार प्रॉस्पेक्टर यानाला ध्रुवांजवळ हायड्रोजनच्या खुणा मिळाल्या होत्या, म्हणजे तिथे बर्फ असू शकतो आणि दणक्याने त्याची वाफ उडेल, म्हणून 31 जुलै 1999 ला ते दक्षिण ध्रुवाजवळच्या कायम अंधारातल्या विवरात पाडलं. त्यात भूशास्त्रज्ञ युजीन शूमेकर यांच्या थोड्या अस्थीही होत्या, आयुष्यभर ज्या चंद्राचा ध्यास घेतला तिथे ते असे पोचले, हे वाचलं की मला अजूनही भरून येतं. पाण्याची वाफ मात्र कुणाला दिसली नाही.

14 नोव्हेंबर 2008 ला चांद्रयान-1 ने आपला तिरंगा लावलेला मून इम्पॅक्ट प्रोब सोडला, तो सुमारे 25 मिनिटं खाली येत होता आणि येताना भोवतालचा विरळ वायू तपासत होता.

आणि 9 ऑक्टोबर 2009 ला नासाची पाणी शोधणारी एलक्रॉस मोहीम. यावेळी हत्यार मोठं होतं, दोन टनांहून जड रिकामा सेंटॉर रॉकेट टप्पा केबियस विवरात ताशी साधारण 9,000 किमी वेगाने घुसवला, मागून येणारं यान त्या उडालेल्या धुळीची नोंद घेत, डेटा पाठवत चारेक मिनिटांत स्वतःही तिथेच आदळलं. पृथ्वीवरून दुर्बिणी लावून बसलेल्यांना फारसं काही दिसलं नाही, लोक खट्टू झाले. पण डेटा तपासल्यावर कळलं, त्या उडालेल्या मालात सुमारे 155 किलो पाणी होतं, वाफ आणि बर्फ मिळून.