क्रिप्टो गेम आणि सर्वसाधारण गेमर (मराठवाड्याच्या संदर्भात)

ज्या व्हिडिओ गेममधली पात्रे, हत्यारे किंवा नाणी ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांनी मिळून सांभाळलेल्या सामायिक नोंदवहीत, नोंदलेली असतात आणि खेळाबाहेरही विकता येतात, त्याला क्रिप्टो गेम म्हणतात. निव्वळ मजेसाठी खेळणाऱ्याला अशा खेळाकडे कसे आणायचे, हा प्रश्न 2017 पासून या उद्योगापुढे आहे आणि तो अजून सुटलेला नाही.

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत गेम म्हणजे मोबाइल. पब्जीवर सप्टेंबर 2020 मध्ये बंदी आली, 2021 मध्ये त्याचाच भारतीय अवतार बीजीएमआय आला. फ्री फायरही घरोघरी पोचलेले. डिजिटल वस्तूला मोल असते, हे लातूर-नांदेडला शिकवणीसाठी खोली करून राहणाऱ्या पोरांना कुणी समजावून सांगावे लागत नाही. यूसी आणि डायमंड ही खेळातली नाणी, गनची स्किन म्हणजे बंदुकीचे सजावटी रूप, हे त्यांचे रोजचे शब्द. भारी स्किन जमलेली ‘आयडी’, म्हणजे खेळातले खाते, तर सरळ विकली जाते. कंपन्यांच्या नियमांत हे बसत नाही, तरी चालते: आधी यूपीआयवर पैसे, मग पासवर्ड. दोन दिवसांनी विकणारा ‘फरगॉट पासवर्ड’ दाबून तीच आयडी परत घेतो आणि घेणाऱ्याला दाद मागायला जागा उरत नाही. ब्लॉकचेन नेमके हेच दुखणे बरे करू पाहते: वस्तूची मालकी कंपनीच्या नव्हे, खेळाडूच्या नावावर. कल्पना खरोखर चांगली आहे. मात्र खेळच बंद पडला, तर तलवारीची नोंद राहते आणि ती चालवायचे मैदान जाते.

प्रत्यक्षात या खेळांनी मालकीपेक्षा कमाईचे आमिष पुढे केले. 2017 अखेरीस क्रिप्टोकिटीज या खेळातल्या डिजिटल मांजरांच्या खरेदी-विक्रीने इथेरियम या ब्लॉकचेनचे जाळे तुंबले. 2021 मध्ये व्हिएतनामच्या स्काय मेव्हिसचा ॲक्सी इन्फिनिटी गाजला, सर्वाधिक फिलिपिन्समध्ये. खेळायला तीन ॲक्सी, म्हणजे खेळातले डिजिटल प्राणी, लागत आणि त्या महाग होत्या. म्हणून पैसेवाला ॲक्सी द्यायचा, गरीब खेळाडू दिवसभर खेळायचा आणि कमाई वाटून घ्यायची. याला ‘स्कॉलरशिप’ म्हणत. आपल्याकडे याला बटई म्हणतात. बटईदाराच्या हाती निदान धान्य येते. इथे हाती येणारे एसएलपी हे टोकन (विकता येणारे डिजिटल नाणे) जुलै 2021 मध्ये 30 सेंटच्या वर होते, वर्षभरात ते एका सेंटच्याही खाली आले. त्यातच मार्च 2022 मध्ये ॲक्सीच्या रोनिन या ब्लॉकचेन जाळ्यातून 60 कोटी डॉलरहून अधिक रक्कम चोरीला गेली. भाव पडला तशी गर्दी ओसरली, कारण आलेले लोक खेळासाठी आलेलेच नव्हते.

खेळप्रेमींनीही पाठ फिरवली. पीसी गेमचे ऑनलाइन दुकान असलेल्या स्टीमने ऑक्टोबर 2021 मध्ये ब्लॉकचेन गेम नाकारले, माइनक्राफ्ट या गेमने जुलै 2022 मध्ये एनएफटीला (ब्लॉकचेनवर मालकी नोंदलेल्या डिजिटल वस्तूंना) दार बंद केले. त्यानंतरची चाल शहाणपणाची म्हणावी लागेल: खेळ आधी, क्रिप्टो पडद्याआड. ईमेलने लॉगिन, टोकन ठेवायचे डिजिटल पाकीट, म्हणजे वॉलेट, आपोआप तयार, व्यवहाराची फी कंपनीच्या खिशातून. ऑक्टोबर 2024 मध्ये आलेल्या ऑफ द ग्रिडमध्ये टोकनला हात न लावताही खेळता येते. पण तो पीसी आणि कन्सोलचा खेळ. परभणी-हिंगोलीच्या पोराच्या हातातल्या फोनवर तो चालत नाही.

भारतात कायद्याची भिंतही उंच आहे. एप्रिल 2022 पासून क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के कर लागतो आणि एका व्यवहारातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. जुलै 2022 पासून ठरावीक मर्यादेपुढच्या व्यवहारांवर 1 टक्का टीडीएस कापला जातो. 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांना मनाई केली; पैशात बदलता येणारी नाणी आणि टोकनही त्यात ‘पैसा’ धरले आहेत. त्यामुळे ‘खेळा आणि कमवा’ अशी हाक इथे जोखमीची ठरते. ती बारावीच्या पोरांना घालूही नये, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

भाषेची अडचण मात्र सहसा कुणी मोजत नाही. स्वतःचे वॉलेट काढले की पडद्यावर बारा शब्द येतात; फोन गेला तर वॉलेट परत उघडायची तीच किल्ली. ते वहीच्या मागच्या पानावर, क्रम न चुकवता उतरवायचे. फोन बिघडला आणि वहीही रद्दीत गेली, की ठेवा गेला. हे शब्द 2048 शब्दांच्या ठरलेल्या यादीतून निघतात. मूळ इंग्रजी यादीखेरीज जपानी, कोरियन, चिनी, स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन, चेक आणि पोर्तुगीज याद्या या ठरलेल्या मानकात आहेत. मराठीची नाही, हिंदीचीही नाही.