थकलेपणाचं मोजमाप

‘आजोबा आता थकलेत’ असं आपण म्हणतो तेव्हा त्यांचं वय सांगत नसतो. पंच्याऐंशीचे गृहस्थ रोज देवळापर्यंत चालत जाऊन येत असतील, तर त्यांना कुणी थकलेले म्हणत नाही. उलट सत्तरीतल्या बाईंना आंघोळीलाही कुणाचा तरी हात लागायला लागला, की शेजारपाजारचे हाच शब्द वापरतात. कॅज्युअल्टीच्या केसपेपरवर मात्र याला रकाना नव्हता. नाव, वय, तक्रार, नाडी, रक्तदाब, झालं. न्यूमोनिया झालेलं म्हातारं माणूस यातून उठेल का, याचा अंदाज या शब्दावरून येऊ शकतो, हे वैद्यकाला उमगायला शंभरावर वर्षं लागली.

नामांकित डॉक्टर विल्यम ऑस्लर यांनी १८९२ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात न्यूमोनियाला म्हातारपणाचा खास शत्रू म्हटलं होतं. १८९८ च्या आवृत्तीत त्यांचा सूर बदलला. खंगत खंगत जाण्यापेक्षा हा आजार लवकर सोडवतो, म्हणून तो म्हाताऱ्यांचा मित्रच, असं ते लिहू लागले. डिसेंबर १९१९ मध्ये ऑक्सफर्डला, वयाच्या सत्तराव्या वर्षी, ते स्वतः न्यूमोनियानंतरच्या गुंतागुंतीने वारले. शत्रू म्हणा की मित्र, दोन्हींत एक गृहीत समान होतं: म्हातारे सगळे सारखेच.

पेनिसिलिन आल्यावर गणित बदलेल असं वाटलं, आणि बदललंही. पण रॉबर्ट ऑस्ट्रियन आणि जेरोम गोल्ड यांनी ब्रुकलिनच्या एका रुग्णालयातल्या दहा वर्षांच्या नोंदी १९६४ मध्ये मांडल्या, तेव्हा एक अडचणीची गोष्ट पुढे आली. न्यूमोकॉकस हा न्यूमोनियाचा जंतू रक्तात उतरलेल्यांपैकी जे पहिल्या पाच दिवसांत दगावायचे, त्यांना पेनिसिलिननेही फारसा हात दिला नव्हता. जंतू मारण्याचं औषध होतं. तो मरेपर्यंत तग धरणं शरीराच्या हाती होतं.

त्याआधीच लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात डॉ. मार्जरी वॉरेन यांनी दुसरं टोक पकडलं होतं. १९३५ मध्ये शेजारच्या गरीबखान्याच्या इस्पितळातले सातशेहून जास्त जुनाट रुग्ण त्यांच्याकडे आले. अनेकजण वर्षानुवर्षं खाटेला खिळलेले. वॉरेन यांनी एकेकाला तपासलं, बसवलं, उभं केलं, आणि कित्येकजण चालत घरी गेले. ज्याला सगळे वय समजत होते, त्यातला बराच भाग खाटेनेच दिलेला होता. ही गोष्ट आजही न्यूमोनियाच्या वॉर्डात तितकीच लागू आहे. धडधाकट वृद्धांना नुसतं दहा दिवस झोपवून ठेवल्यावर पायांचे स्नायू साधारण किलोभर घटल्याचं २००७ च्या एका छोट्या अमेरिकी प्रयोगात दिसलं. मुळात थकलेल्याकडे घालवायला किलोभर असतंच कुठे?

इमर्जन्सीतल्या डॉक्टरला मात्र झटपट आकडा हवा असतो. १९९७ मध्ये मायकल फाइन आणि सहकाऱ्यांनी न्यूमोनियाच्या गंभीरपणाची गुणपद्धत दिली: गुण जास्त, तितका धोका जास्त. त्यात पुरुषाला जितकी वर्षं तितके गुण, बाईला दहा कमी. म्हणजे ब्याऐंशीचे आजोबा दारातून आत येतानाच ब्याऐंशी गुण घेऊन येतात, मग ते शेतावर जाणारे असोत की अंथरुणावरचे. २००३ ची ‘कर्ब-६५’ पद्धत सुटसुटीत: मनाचा गोंधळ, रक्तातलं युरिया, श्वासाची गती, रक्तदाब आणि वयाची पासष्टी. पण ज्येष्ठांच्या रांगेत पासष्टीचा गुण सगळ्यांनाच मिळतो, मग त्याने वेगळं काय कळणार? विसरभोळेपणा जुना असेल तर गोंधळाचाही गुण फुकटच.

थकलेपण मोजायचं कसं, यावर दोन वाटा निघाल्या. लिंडा फ्राइड यांनी २००१ मध्ये, अमेरिकेतल्या पासष्टीपुढच्या पाच हजारांवर लोकांच्या माहितीवरून, पाच खुणा ठरवल्या: नकळत घटलेलं वजन, थकवा, मुठीतला कमी जोर, मंद चाल, कमी हालचाल. तीन जुळल्या तर ‘फ्रेल’, म्हणजे थकलेला. पण धाप लागलेल्या माणसाला पंधरा फूट चालायला कोण लावणार? कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या डॉ. केनेथ रॉकवूड यांची थकलेपण मोजायची २००५ ची पट्टी इथे कामी आली. आधी सात, नंतर नऊ पायऱ्या. औषधं आणि पैशाचे व्यवहार जमेनासे झाले, की पाचवी. जिन्याला आणि आंघोळीला मदत लागते, सहावी. यंत्र नको, रक्त नको. आपल्या शेजारणीचं निरीक्षण आणि हे, फरक फार नाही!

कोविडने ही पट्टी घराघरांत नसली तरी दवाखान्यांत पोचवली, आणि तिचा धोकाही दाखवला. मार्च २०२० मध्ये उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने अतिदक्षता विभागाच्या निर्णयांसाठी ती सुचवली. अपंगांच्या संघटनांनी आवाज उठवल्यावर काही दिवसांतच दुरुस्ती आली: तरुणांना किंवा कायमचं अपंगत्व असलेल्यांना ही पट्टी लावू नये. त्याच वर्षी ब्रिटन आणि इटलीतल्या अकरा रुग्णालयांतल्या १,५६४ कोविड रुग्णांच्या अभ्यासात, वय आणि जुने आजार यांपेक्षा थकलेपणावरून मृत्यूचा अंदाज जास्त नीट येतो, असं दिसलं.

पट्टी लावताना एक पथ्य असतं. माणूस आज कसा दिसतो ते बघायचं नाही. आजारी पडण्याआधी, दोन आठवड्यांपूर्वी कसा होता ते विचारायचं. म्हातारपणी न्यूमोनिया अनेकदा ताप-खोकल्याशिवायच येतो. जेवण सुटतं, तोल जाऊन पडणं होतं, किंवा ‘वातात बडबडतायत’ म्हणून आणलं जातं. अशा वेळी खाटेवर सगळेच सातव्या पायरीवरचे वाटतात. म्हणून प्रश्न नातेवाइकांना जातो. फॉर्मवर सही करायला पुढे आलेला मुलगा वडिलांना दिवाळीत भेटलेला असतो. दोन आठवड्यांपूर्वी ते स्वतः उठून संडासला जायचे का, हे मागे पिशवी धरून उभ्या असलेल्या कामवाल्या मावशींना माहीत असतं.