बदललेल्या तेवढ्याच नोंदी उचलायच्या, पण एकही सुटू द्यायची नाही
डेटा वेअरहाउसमधील इन्क्रिमेंटल लोडविषयी आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

तुमच्या बिलिंगच्या किंवा स्टॉकच्या डेटाबेसमधून रोज रात्री वेअरहाउसमध्ये, म्हणजे अहवालांसाठी ठेवलेल्या वेगळ्या डेटाबेसमध्ये, माहिती येते. सुरुवातीला सगळी टेबले पूर्ण उचलली जातात. हा फुल लोड. टेबल लहान असेल तर हीच पद्धत कायम ठेवावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. ग्राहकांची यादी, गोदामे, करांचे दर अशी काही हजार ओळींची टेबले रोज नव्याने आणली तरी फारसा वेळ जात नाही आणि चुकायला जागा उरत नाही. अडचण येते ती बिलांच्या ओळी आणि स्टॉकच्या हालचाली अशा कोटीच्या घरात गेलेल्या टेबलांची. ती रोज मुळापासून वाचायची तर रात्र पुरत नाही आणि सकाळी बिलिंग अडखळू लागते. तिथे आम्ही इन्क्रिमेंटल लोड लावतो, म्हणजे मागच्या वेळेनंतर जे नवे आले किंवा बदलले तेवढेच उचलतो.

फुल लोड फसला की सकाळीच कळते. इन्क्रिमेंटल लोडची मांडणी चुकली तर मात्र काम रोज ‘यशस्वी’ दिसते, आणि अहवालातले आकडे महिनोन्‌महिने थोडेथोडे खोटे होत राहतात. म्हणून मांडणीच्या वेळी आम्ही तुम्हाला बरेच प्रश्न विचारतो. त्यामागची कारणे इथे दिली आहेत.

कोणत्या कॉलमवर विसंबायचे?

नोंद नवी झाली किंवा बदलली की ज्याची किंमत (त्यात भरलेला आकडा किंवा वेळ) हमखास पुढे सरकते, असा एक कॉलम लागतो. त्यातली शेवटची वाचलेली किंमत आम्ही जपून ठेवतो. तिला वॉटरमार्क म्हणतात. पुढच्या वेळी तिच्यानंतरचेच वाचायचे.

बिलाची तारीख या कामाला चालत नाही. ३१ मार्चच्या तारखेचे व्हाउचर एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात टाकले जाते, हे कोणत्याही अकाउंटंटला माहीत आहे. वॉटरमार्क तोवर एप्रिलमध्ये गेलेला असतो, आणि ते व्हाउचर वेअरहाउसमध्ये कधीच येत नाही. वाढत जाणारा अनुक्रमांक नव्या नोंदी पकडतो, पण जुन्या बिलातली दुरुस्ती त्याला दिसत नाही.

सर्वांत सोयीचा म्हणजे ‘शेवटचा बदल केव्हा’ हे सांगणारा कॉलम. तुमचा डेटाबेस मायएसक्यूएल या प्रणालीवर असेल तर तो आपोआप बदलता ठेवण्याची सोय टेबलाच्या व्याख्येतच करता येते. पोस्टग्रेस या दुसऱ्या प्रणालीत तशी सोय नाही, त्यासाठी ट्रिगर (नोंद बदलली की आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम) लिहावा लागतो. हा कॉलम फक्त तुमचे सॉफ्टवेअर भरत असेल, तर कोणी थेट डेटाबेसमध्ये जाऊन हाताने केलेली दुरुस्ती आमच्या नजरेतून निसटते. ‘हाताने दुरुस्त्या कोण करते?’ हा प्रश्न आम्ही संशयाने विचारत नाही, त्याच्या उत्तरावर पुढची सगळी मांडणी ठरते. जुन्या नोंदींमध्ये हा कॉलम रिकामा असेल तर तेही आधी भरून घ्यावे लागते, कारण ‘अमुक वेळेनंतरचे’ या अटीत रिकामी किंमत कधीच बसत नाही.

टॅली वापरणाऱ्यांचे काम तुलनेने सोपे आहे. तिथे प्रत्येक व्हाउचरला अल्टर आयडी असतो. नोंद नवी झाली किंवा बदलली की तिला पुढचा आकडा मिळतो, व्हाउचरची तारीख काहीही असो. फक्त जुना बॅकअप परत घातला तर हा आकडा मागे जातो. तेव्हा आम्हाला त्याच दिवशी कळवा.

वेळेच्या फटी

समजा, एक मोठी एंट्री १०:०० वाजता सेव्ह व्हायला लागली आणि १०:०४ ला पूर्ण झाली. पोस्टग्रेसमधली ‘आत्ताची वेळ’ व्यवहार (ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्र सेव्ह होणारे काम) सुरू झाल्याची असते, त्यामुळे नोंदीवर शिक्का १०:०० चा पडतो. आमचे वाचन १०:०२ ला झाले, तेव्हा ती नोंद दिसली नाही, पण इतर नोंदींमुळे वॉटरमार्क १०:०१ वर गेला. पुढच्या वाचनात आपण १०:०१ नंतरचे पाहतो. ती एंट्री कायमची राहून गेली!

यावर उपाय म्हणजे दर वेळी थोडे मागे जाऊन वाचणे. तुमच्याकडचा सर्वांत लांब व्यवहार जितका चालतो, त्याहून जास्त मागे जायचे. बहुतेक ठिकाणी आम्ही अर्धा तास धरतो. काही नोंदी दोनदा येतात, म्हणून त्या नुसत्या जोडत नाही, प्रायमरी की (प्रत्येक नोंदीची एकमेव ओळख) पाहून मर्ज करतो, म्हणजे आधीची नोंद असेल तर तीच बदलतो. प्रायमरी की नसलेल्या टेबलावर इन्क्रिमेंटल लोड लावायला आम्ही तयार नसतो.

दुसरी फट ५ तास ३० मिनिटांची. डेटाबेसमधली वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) आणि वॉटरमार्क भारतीय वेळेत ठेवला, तर दर वाचनानंतरच्या साडेपाच तासांतले बदल जुने समजून वगळले जातात. त्यामुळे वॉटरमार्क घड्याळावरून घ्यायचा नाही, प्रत्यक्ष आलेल्या नोंदींतली सर्वांत मोठी किंमत घ्यायची. आणि वेअरहाउसमध्ये माहिती पक्की भरली गेल्यावरच तो पुढे सरकवायचा.

खोडलेल्या नोंदी

नोंद डिलीट झाली की तिच्यासोबत बदलाची वेळही जाते. वर सांगितलेली कोणतीही पद्धत तिला पकडू शकत नाही. नोंद न खोडता तिच्यावर ‘रद्द’ अशी खूण करणे सर्वांत चांगले. ते जमत नसेल तर आम्ही आठवड्यातून एकदा दोन्हीकडचे फक्त नोंदक्रमांक ताडून पाहतो.

डेटाबेसचा लॉग (प्रत्येक बदलाची तो स्वतः ठेवतो ती नोंदवही) वाचून प्रत्येक बदल टिपणे हा तिसरा मार्ग. तो भक्कम आहे, पण त्याला राखण लागते. सेटिंग बदलले नसेल तर मायएसक्यूएल ८.० चा असा लॉग (बायनरी लॉग) ३० दिवस टिकतो, एसक्यूएल सर्व्हरच्या सीडीसी या बदल टिपणाऱ्या सोयीतले बदल ३ दिवस. त्यापुढे वाचन बंद राहिले तर पुन्हा फुल लोड. पोस्टग्रेसमध्ये उलटा धोका असतो. वाचणारा थांबला तर रेप्लिकेशन स्लॉट (वाचणाऱ्यासाठी लॉग राखून ठेवणारी सोय) लॉग साठवत राहतो आणि तुमच्या चालू सर्व्हरची डिस्क भरते. आवृत्ती १३ पासून त्यावर मर्यादा घालता येते, पण ती मुद्दाम घालावी लागते. सर्व्हरकडे रोज पाहणारा माणूस तुमच्याकडे नसेल, तर हा मार्ग आम्ही सुचवणार नाही.

ताळा

दर आठवड्याला मागच्या तीन महिन्यांची बिलांची संख्या आणि एकूण रक्कम आम्ही दोन्हीकडे मोजतो. फरक आला तर तेवढाच महिना पुन्हा भरतो. खर्च वाचवण्यासाठी हा भाग वगळा, असे काही ग्राहक सुचवतात. तो आम्ही वगळत नाही.

काम सुरू करण्याआधी फक्त वाचनाचे अधिकार असलेले एक खाते आम्हाला द्या, आणि बदलाच्या वेळेच्या कॉलमवर इंडेक्स (नोंदी चटकन शोधण्याची सूची) करून घ्या, नाहीतर दर वाचनाला सबंध टेबल चाळले जाईल. सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलणार असेल, कॉलम वाढणार असेल किंवा लाखो नोंदींचे दर एका झटक्यात बदलायचे असतील, तर आदल्या दिवशी फोन करा. त्या रात्रीचे वाचन आम्ही वेगळे लावू.