नौदलाच्या वैमानिकाची टोपी: हिरवी, खाकी, करडी

18 जानेवारी 1911 रोजी यूजीन एली याने सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात 'पेन्सिल्व्हेनिया' या अमेरिकी क्रूझर युद्धनौकेवर विमान उतरवले. जहाजावर विमान उतरण्याची जगातली ही पहिलीच वेळ. एली नौदलातला नव्हता, नागरी वैमानिक होता. डोक्यावर अमेरिकन फुटबॉलचे गादीदार हेल्मेट आणि पाण्यात पडलोच तर तरंगावे म्हणून अंगावर सायकलच्या ट्यूब, असा त्याचा सरंजाम होता.

पुढच्याच वर्षी अमेरिकी नौदलाचे वैमानिक खाकी घालू लागले. इंजिनाच्या तेलापुढे पांढऱ्या गणवेशाचा टिकाव लागणे शक्यच नव्हते. 1917 मध्ये त्यांना हिवाळ्यासाठी गडद हिरवा गणवेशही मिळाला. बाकीचे नौदल निळ्या-पांढऱ्यात असताना वैमानिक दुरूनही ओळखू येत. पाणबुडीवाल्यांना खाकी मिळायला 1931 उजाडले आणि इतरांकडे ती पोहोचली 1941 पासून. म्हणून त्याआधीची खाकी टोपी दिसली की संग्राहक थबकतो. हिरवी मात्र पुढेही वैमानिकांची खास ओळख राहिली.

अधिकाऱ्यांच्या या पीक कॅपची, म्हणजे पुढे कडक काठ असलेल्या टोपीची, रचना नीट पाहण्यासारखी आहे. सांगाडा एकच, त्यावर गणवेशानुसार खोळ बदलायची: पांढरी, निळी, खाकी, हिरवी. 1943 मध्ये त्यात करड्या रंगाची भर पडली. ती आणणारे तेव्हाचे नौदलप्रमुख ॲडमिरल अर्नेस्ट किंग स्वतः 1927 साली वैमानिक झालेले होते, तरी हा रंग अनेकांना रुचला नाही आणि 1949 मध्ये तो बंद झाला. त्यामुळे करडी खोळ आपला काळ स्वतःच सांगते. हिरवी खोळ लोकरीची, तिला कसर लागते; तिच्यावरची बारीक भोके पाहून नाक मुरडू नये. सगळ्या खोळींसह टिकलेली टोपी मिळाली, तर कृपा करून तिचे भाग वेगवेगळे विकू नयेत. एकदा फुटलेला संच पुन्हा जुळत नाही.

टोपीच्या पुढच्या काठावर सोनेरी पाने असतील तर मालक कमांडर किंवा त्याहून वरच्या हुद्द्याचा. कनिष्ठ अधिकाऱ्याचा काठ साधा काळा.

सगळ्यात बोलका असतो बिल्ला. ढाल, एकमेकांवर तिरपे ठेवलेले दोन नांगर आणि वर गरुड. 1941 पर्यंत हा गरुड टोपी घालणाऱ्याच्या डावीकडे पाहायचा, त्यानंतर उजवीकडे. पण बिल्ला काढता येतो, टोपी तीच राहते. जुन्या सांगाड्यावर नवा गरुड दिसला म्हणून लगेच नकली ठरवू नये. नियम बदलल्यावर मालकानेच तो बदलला असण्याची शक्यता मोठी.

हेल्मेटची गोष्ट निराळी. आधी चामड्याची आणि कापडी, मग जेट विमाने आल्यावर 1950 च्या दशकात कडक कवचाची. त्यांवर स्क्वाड्रनची नक्षी आणि प्रकाश परतवणारी पट्टी लावत, समुद्रात पडलेला माणूस शोधदिव्यात चमकावा म्हणून. ती दिसायला देखणी खरी, पण हेल्मेट सरकारी मालमत्ता होते. टोपी अधिकारी स्वतःच्या पैशाने घेई आणि आतल्या चामडी पट्टीपाशी आपले नाव घाली. माझ्या लेखी मोल त्या नावालाच आहे, कारण तेच सेवापुस्तिकेशी आणि छायाचित्रांशी ताडून पाहता येते.