रीस्लीप का चालत नाही?

गोखलेनगरला मावशीकडे गेलो की हल्ली चहाबरोबर एकच विषय असतो, रीडेव्हलपमेंट. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. घरं गेलेल्यांसाठी ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांतली ही एक. तेव्हाचा शब्द होता पुनर्वसन. परवा या गप्पांत मावशीची पाचवीतली नात मध्येच म्हणाली, "मामा, रीबिल्ड चालतं, मग रीस्लीप का नाही चालत? मी तर रोज झोपते."

प्रश्न अगदी मुळावर बोट ठेवणारा आहे.

इंग्रजीतला हा 'री' मूळचा लॅटिन. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि फ्रेंच शब्दांचा लोंढा आला, त्यातून तो इंग्रजीत रुजला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'पुन्हा' एवढाच नव्हता, 'मागे' असाही होता. रिफ्लेक्ट म्हणजे मागे वळवणं. आरसा प्रकाशाला तेच करतो. 'मागे' आणि 'पुन्हा' एकाच शब्दात कसे राहतात, याचं इंग्रजांना नवल वाटेल; मराठी माणसाला वाटू नये. आपला 'परत' हेच करतो. "पुस्तक परत दे" यात मागे, "परत सांग" यात पुन्हा. त्याच परतण्यातून आपण कढईतली भाजीही परततो, फोडी खालीवर फिरवत. वळणं, मागे येणं आणि तेच नव्यानं करणं ही एकाच वाटेवरची ठिकाणं आहेत.

म्हणून 'री' कुठल्याही क्रियापदाला चिकटत नाही. ज्या कामानं एखाद्या वस्तूत बदल होतो, तिथेच तो सहज बसतो: लिहिणं, बांधणं, भरणं, रंगवणं. लिहिलेलं खोडता येतं, बांधलेलं पडतं, आणि मग ती वस्तू पहिल्या अवस्थेत परत आणता येते. झोपण्या-हसण्यानं असं काही घडून मागे उरत नाही. रीस्लीप अडतं ते इथे.

यातली खरी गंमत अशी, की 'री' लागायला तीच कृती आधी घडलेली असावी लागतेच असं नाही. अवस्था परत आली तरी पुरतं. पुरात घर गेलेली माणसं गोखलेनगरात पहिल्यांदाच राहायला आली. त्या जागेपुरतं पाहिलं तर ते वसन होतं, पुनर्वसन नव्हे. पण डोक्यावर छप्पर असणं, ही त्यांची अवस्था परत आली. 'पुनर्'नं ते नेमकं पकडलं.

उच्चारही इथे बोलका आहे. 'पुन्हा' हा अर्थ जिवंत असेल तर 'री' दीर्घ आणि ठसठशीत होतो: करारावर पुन्हा सही म्हणजे री-साइन, राजीनामा म्हणजे रिझाइन. इंग्रजी लिपीत हा फरक एका छोट्या आडव्या रेघेवर तगतो. देवनागरीत वेलांटीच तो दाखवते.

आपला मेंदू हे तुकडे वेगळे ओळखतो का? मार्कस टाफ्ट आणि केनेथ फॉर्स्टर यांनी १९७५ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना अक्षरांचे गट दाखवायचे आणि हा इंग्रजी शब्द आहे की नाही, ते चटकन सांगायला लावायचं. 'ज्युव्हनेट' आणि 'ल्युव्हनेट', दोन्ही शब्द नव्हेत. तरी 'ज्युव्हनेट' नाकारायला लोकांना जास्त वेळ लागला, कारण तो 'रिज्युव्हनेट'मध्ये दडलेला आहे. उपसर्ग काढून उरलेला गाभा मनात कुठेतरी स्वतंत्र नोंदलेला असावा, असा त्यांचा निष्कर्ष. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले, पण हा प्रयोग मला आजही फार आवडतो.

एवढं ऐकल्यावर नातीनं भराभर यादी सुरू केली: रिचार्ज, रिटर्न, रीहीट, रिक्षा. शेवटचा मात्र यातला नाही. जपानी भाषेत जिन् म्हणजे माणूस, रिकी म्हणजे बळ, शा म्हणजे वाहन. माणसाच्या बळावर चालणारी ती 'जिन्-रिकी-शा'. इंग्रजीत येताना पुढचं 'जिन्' गळालं आणि उरलेल्याची आपल्याकडे रिक्षा झाली.