हॅलेलुया जंक्शन: दोन पियानोंमधली फट

नाव आधी सापडलं, रचना मागाहून झाली. कॅलिफोर्निया आणि नेवाडा यांच्या सीमेजवळ, ३९५ क्रमांकाच्या महामार्गावर, ट्रकवाल्यांच्या थांब्याचा एक छोटासा फाटा आहे: हॅलेलुया जंक्शन. अमेरिकन संगीतकार जॉन ॲडम्स यांच्या मनात हे नाव घर करून बसलं. १९९६ मध्ये त्यांनी दोन पियानोंसाठी सुमारे १६ मिनिटांची, तीन भागांची रचना केली आणि तिला ते देऊन टाकलं.

पण हा वाद्यमेळ मुळात अडचणीचा. एकाच पियानोवर शेजारी बसून चार हातांनी वाजवणं हा एकोणिसाव्या शतकात घरोघरचा विरंगुळा होता. ध्वनिमुद्रण नव्हतं तेव्हा कित्येकांनी सिम्फनीसुद्धा अशाच ऐकल्या. दोन स्वतंत्र पियानो म्हटले की जागा लागते आणि तोडीस तोड दोन वादक लागतात. शिवाय दोन्ही वाद्यांचा आवाज एकच, त्यामुळे कोण काय वाजवतंय ते डोळे मिटून ओळखता येत नाही. पियानोचा स्वर हातोडीच्या ठोक्याने उमटतो, म्हणून दोघांत केसाइतकं अंतर पडलं तरी ते कानाला टोचतं. समोरासमोर बसलेल्या वादकांना एकमेकांचे हातही नीट दिसत नाहीत. सगळी भिस्त मानेच्या हालचालीवर आणि श्वासावर.

मोझार्टने १७८१ मध्ये व्हिएन्नात आपली शिष्या योझेफा आउअर्नहामर हिच्यासोबत वाजवण्यासाठी दोन पियानोंसाठी डी मेजर या स्वरपट्टीतला सोनाटा (अनेक भागांची वाद्यरचना) लिहिला. त्यात सरळ सवाल-जवाब आहेत: एकाने वाक्य टाकायचं, दुसऱ्याने ते झेलायचं. फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँनी १९४३ मध्ये, जर्मनव्याप्त पॅरिसमध्ये, आपल्या दोन पियानोंच्या रचनेत कामंच वाटून टाकली. वेग, लयीची कोडी आणि सगळी चमक पियानोवादक इव्होन लोरिओच्या पियानोकडे. मुख्य सुरावटी आणि जोर स्वतःकडे. दोघांचीही धडपड एकच, दोन आवाज वेगळे ठेवण्याची.

ती धडपड अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइशनी सोडून दिली, आणि माझ्या मते खरं वळण हेच. टेपच्या दोन लूप (तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवणाऱ्या फिती) एकमेकींपासून हळूहळू सरकताना काय होतं, हे त्यांनी आधी ऐकलं होतं. मग पियानोवरची एक छोटी सुरावट टेपवर घेऊन ते स्वतः तिच्यासोबत वाजवायला बसले. माणसालाही असं सरकता येतं, हे लक्षात आल्यावर १९६७ मध्ये ‘पियानो फेज’ आलं. सुरुवातीला बारा स्वरांची एक ओळ, त्यात वेगळे सूर जेमतेम पाच. एक वादक जागचा हलत नाही, दुसरा किंचित वेग वाढवतो. काही क्षण सगळं विस्कटतं आणि मग ओळ एक स्वर पुढे जाऊन पुन्हा बसते. या घसरणीत कुणीही न वाजवलेल्या सुरावटी कानावर येतात. ज्या फटीची वादकांना धास्ती, तीच इथे रचना झाली.

ॲडम्सनी ही फट घेतली, राइशची शिस्त मात्र घेतली नाही. १९८२ च्या ‘ग्रँड पियानोला म्युझिक’मध्ये त्यांनी ती पहिल्यांदा वापरली: तोच मजकूर दुसऱ्या पियानोवर जरासा उशिरा, जणू मुद्दाम पाडलेला प्रतिध्वनी. ‘हॅलेलुया जंक्शन’मध्ये आखूड, ठसकेबाज तुकडे दोन पियानोंमध्ये चेंडूसारखे उसळत राहतात आणि दहा बोटांचे भरगच्च कॉर्ड (एकाच वेळी वाजवलेले अनेक स्वर) एकमेकांवर आदळतात. फाट्याचं नाव इथे चपखल बसतं. गंमत शब्दाशीही आहे. ‘हॅ-ले-लु-या’ या चार अक्षरांपैकी सुरुवात फक्त शेवटच्या तिघांच्या लयीवर बेतलेली आहे. अख्खा शब्द घुमतो तो अखेरीस.

लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचा कारभार वर्षानुवर्षं पाहिलेल्या अर्नेस्ट फ्लाइशमान यांना ही रचना अर्पण केली आहे. ३ एप्रिल १९९८ रोजी त्याच शहरातल्या गेटी सेंटरमध्ये ग्रँट गर्शन आणि ग्लोरिया चेंग यांनी ती प्रथम वाजवली. पुष्कळांना मात्र ती २०१७ च्या ‘कॉल मी बाय युअर नेम’ या चित्रपटाच्या नामावलीमुळे माहीत झाली. तिथे वाजतो तो पहिला भाग, म्हणजे ‘ले-लु-या’वालाच.