हलत्या देखाव्यातला कॅम : ड्रॉइंग शीटवरून पडद्यावर

गणपती जवळ आले की कोकणात हलत्या देखाव्यांची खटपट सुरू होते. वायपरच्या मोटरवर प्लायवूडची चकती, तिच्यावर टेकलेली दांडी आणि दांडीच्या टोकाला मूर्तीचा हात. ही वेडीवाकडी चकती म्हणजे कॅम. पूर्वी ती अंदाजाने कापायची आणि हात नीट हलेपर्यंत कानशीने घासत बसायचं. आता गावातलं कुणी मेकॅनिकल डिप्लोमा करत असेल, तर ती आधी सॉफ्टवेअरमध्ये काढून फिरवून बघता येते.

तसा देखावा हा कॅमचा फार जुना धंदा. मध्ययुगीन यंत्रकार अल-जझारीच्या १२०६ सालच्या ग्रंथात तळ्यात तरंगणारी एक होडी आहे. तिच्यातल्या यांत्रिक वादकांचे हात हलतात ते फिरत्या आसावरच्या खुंट्यांमुळे. स्वित्झर्लंडचा घड्याळजी पिएर झाके-द्रो याचा ‘लिहिणारा मुलगा’ हा यांत्रिक बाहुला १७७४ मध्ये लोकांसमोर आला. त्याच्या प्रत्येक अक्षरामागे तीन कॅम आहेत : दोन कॅम हात आडवा-उभा नेतात, तिसरा लेखणी टेकवतो नि उचलतो.

कारखान्यांच्या काळात हीच चकती ड्रॉइंग बोर्डवर आली. मेकॅनिकलच्या थिअरी ऑफ मशीन्स या विषयाची शीट काढलेल्यांना ते आठवत असेल. आधी फॉलोअर, म्हणजे कॅमवर टेकलेली दांडी, कधी वर जाणार, कधी थांबणार, कधी खाली येणार याचा आलेख. मग बेस सर्कल, म्हणजे ज्याच्यावर कॅमचा आकार उभा राहतो ते मूळ वर्तुळ, त्याचे तीस-तीस अंशांचे बारा भाग, प्रत्येक रेषेवर आलेखातली उंची, आणि शेवटी फ्रेंच कर्व्हने (वळणदार पट्टीने) जोडलेले बिंदू. यातली खरी युक्ती अशी की कागदावर कॅम फिरवता येत नाही, म्हणून तो जागच्या जागी ठेवून फॉलोअरलाच त्याच्याभोवती फिरवायचं, तेही उलट दिशेने. ही उलट दिशा विसरली तरी चढ-उतार सारखे असतील तर चूक लपून जाते. चढ १२० अंशांचा आणि उतार ६० चा असला, की तयार कॅम सावकाश चढायच्या जागी झटक्यात चढतो. शीटवर हे परीक्षकालाच दिसायचं. पडद्यावर एका फेऱ्यात कुणालाही दिसतं.

पडद्यावरची हालचाल मात्र बरीच आधी सुरू झाली. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत आयव्हन सदरलंडने केलेल्या स्केचपॅड या चित्र काढायच्या प्रोग्रॅममध्ये सांधलेल्या दांड्यांपैकी एक हलवली की बाकीच्या आपोआप हलत. डिसेंबर १९८२ मध्ये आलेलं ऑटोकॅड हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर साध्या पीसीवर चालायचं, पण ते मुळात कागदाचीच जागा घेणारं. त्यात कॅम फिरवायचा तर जुगाड करावा लागे : दहा-दहा अंश फिरवून दर वेळी एक स्लाइड साठवायची आणि छत्तीस स्लाइड स्क्रिप्ट फाइलने एकामागून एक दाखवायच्या. १९८६ मध्ये ऑटोकॅडमध्ये ऑटोलिस्प ही प्रोग्रॅमिंगची भाषा आल्यावर बिंदूंचं गणित आणि फिरवणं कोडवर सोपवता आलं. १९९५ च्या सॉलिडवर्क्सपासून पुढच्या थ्रीडी सॉफ्टवेअरांत काम आणखी सोपं झालं. आता फॉलोअर कॅमला टेकलेला राहील अशी अट घातली की झालं.

माझ्या मते गोची याच अटीत आहे. कोकणातला दुसरा कॅम बंदरात सापडतो, मासेमारी बोटीच्या डिझेल इंजिनात. फोर-स्ट्रोक इंजिनात कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे कॅम बसवलेला दांडा) क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, निम्म्या वेगाने फिरतो. म्हणजे १८०० आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला १५ वेळा उघडतो. इतक्या वेगात कॅमचं वळण चुकलं तर स्प्रिंगला न जुमानता फॉलोअर कॅमवरून उडतो आणि परत आपटतो. अट घातलेल्या अ‍ॅनिमेशनमध्ये तो कधीच उडत नाही, सगळं लोण्यासारखं चालतं. चढ-उताराच्या वळणांचे प्रकार असतात : पॅराबोलिक वळणात त्वरण अचानक बदलतं, सायक्लॉइडलमध्ये ते शून्यापासून हळूहळू वाढतं. पण चित्र बघून हा फरक डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी त्वरणाचा आलेखच उघडावा लागतो.

देखाव्याची मोटर सावकाश फिरते, तिथे अ‍ॅनिमेशन पुरतं. फक्त प्रेशर अँगल, म्हणजे कॅम दांडीला ज्या दिशेने ढकलतो ती आणि दांडी सरकते ती दिशा यांतला कोन, तीस अंशांच्या आत आहे ना ते बघावं, नाहीतर दांडी वर सरकायच्या ऐवजी बाजूला रेटली जाऊन अडकते. तसं झालं तर बेस सर्कल मोठं करायचं आणि चकती पुन्हा काढायची.